व्हॉट्सॲप-इन्स्टावर निरोप आपोआप पाठवताना स्पॅम कसे टाळावे : पेडण्याच्या एका होमस्टेवाल्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात तीन खोल्यांचा होमस्टे आहे, जोडीला हंगामाप्रमाणे मानकुराद आंबे, काजूगर आणि कोकमाचे आगळ विकतात. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी कोणाच्या तरी सांगण्यावरून एक 'बल्क सेंडर', म्हणजे शेकडो नंबरांना एकदम मेसेज सोडणारे टूल, विकत घेतला. फोनमधले नंबर, जुन्या पाहुण्यांचे नंबर आणि गावच्या चार-पाच ग्रुपांतून उचललेले नंबर एकत्र करून ऑफर सोडली, आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपने नंबर बंद केला. इन्स्टाग्रामवरही काही दिवस मेसेज जाईनात. आता विचारणा अशी की दोन मेसेजांत किती सेकंदांचे अंतर ठेवावे, दिवसाला किती पाठवले तर चालतील, नवीन सिम घ्यावे की भावाचा नंबर वापरावा, आणि हे सगळे आपोआप चालवायचे तर कसे बसवावे.

मी फोंडा-म्हापसा पट्ट्यातल्या दुकानदारांना आणि छोट्या हॉटेलवाल्यांना हीच कामे बसवून देतो, आणि सेकंदांचा प्रश्न मला जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो. त्यामुळे तोच आधी निकालात काढू.

सेकंदांच्या अंतराने काही होत नाही. बल्क सेंडर विकणारे 'माणसासारखे टायपिंग', 'रँडम डिले' असे शब्द वापरतात, कारण ग्राहकाला वाटते की यंत्र फक्त वेग मोजते. वेग मोजतेच, पण तेवढेच मोजत नाही. व्हॉट्सॲपचा मजकूर कूटबद्ध असतो, तो कंपनीला वाचता येत नाही. मजकुराच्या बाहेरचे मात्र पुष्कळ दिसते: खाते किती जुने, अनोळखी नंबरांना किती लिहिले, किती जणांनी ब्लॉक केले, किती जणांनी तक्रार केली. तक्रार करताना समोरच्याला आलेले तुमचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, तेव्हा मजकूरही उघडा पडतो. २०१९ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपने एक टिपण प्रसिद्ध केले होते. महिन्याला २० लाखांहून जास्त खाती बंद होतात आणि त्यांतल्या ७५ टक्क्यांहून अधिक खात्यांवर अलीकडे कोणाची तक्रारही आलेली नसते, असे त्यात म्हटले होते. म्हणजे कोणी ओरडण्याआधीच यंत्रणा ओळखते. चाळीस सेकंदांचे अंतर ठेवले तर नंबर दुपारी बंद होण्याऐवजी रात्री होईल, एवढाच फरक.

मजकूर एआयकडून पन्नास तऱ्हांनी लिहून घेऊन फिरवला तरी तेच. ज्याला मेसेज मिळतो त्याला तुमची एकोणपन्नास रूपे दिसतच नाहीत. त्याला एकच दिसते, आणि ते त्याने मागितलेले नसते.

'दिवसाला किती' याचे उत्तर त्यामुळे आकड्यात देता येत नाही. ज्यांनी 'आंबे निघाले की कळवा' म्हणून सांगितले आहे अशा तीनशे जणांना एका सकाळी कळवले तरी ते स्पॅम होत नाही. ज्याने काहीच मागितले नाही अशा तीस जणांना, अगदी नमस्कार-चमत्कार करून आणि तासाला एक या गतीने लिहिले तरी ते स्पॅमच. माझ्या कामात मी एक रेघ मारून घेतली आहे. समोरून हाक आली तर तिचे उत्तर, आठवण, पोच, पाठपुरावा हे सगळे यंत्राकडे द्यायचे. पहिली हाक मात्र यंत्राने मारायची नाही. पुढे जे सांगतो आहे ते या रेघेच्या अलीकडचे आहे.

आता तुमच्या यादीकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. तुमच्याकडे तीन तऱ्हांचे नंबर आहेत आणि तुम्ही ते एकाच पोत्यात भरलेत.

पहिले, पाहुण्यांचे. चेक-इनच्या वेळी नंबर घेतला, आधार कार्ड पाहिले, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत फॉर्म-सी, म्हणजे त्याची सरकारी नोंद, भरला. तो नंबर त्याने राहण्यासाठी दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातला तुमच्या कामाचा भाग असा: ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी वापरायची, दुसऱ्या कारणाला वेगळी आणि स्पष्ट संमती लागते, आणि दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. पाहुण्यांची वही ही आंब्यांची गिऱ्हाईक-यादी नव्हे.

दुसरे, गावच्या ग्रुपांतले. देवस्थानच्या ग्रुपात माणूस जत्रेची वेळ आणि कौलाची बातमी कळावी म्हणून आहे. शाळेच्या ग्रुपात पोरांसाठी आहे. तिथून नंबर उचलणे हे मोठमोठ्या स्पॅमवाल्यांचे काम, आणि गोव्यासारख्या लहान प्रदेशात ते फार लवकर अंगाशी येते. एक गोष्ट इथे बाहेरच्या सल्लागारांना कळत नाही. गोव्यात गावचा माणूस तुम्हाला ब्लॉक करत नाही, तक्रारही करत नाही. उद्या देवळाच्या कालोत्सवाला, परवा कोणाच्या लग्नात समोरासमोर यायचे असते. तो गुपचूप तुम्हाला म्यूट करतो, चॅट आर्काइव्हमध्ये ढकलतो आणि भेटला की 'तुमचो मेसेज पावलो' म्हणून हसतो. तक्रारी मुख्यतः पुण्या-मुंबईच्या, बेंगळुरूच्या पाहुण्यांकडून येतात, त्यांना भीडभाड नसते. म्हणून 'गावातून कोणाची तक्रार नाही' यावर विसंबू नका. मेसेज पोचल्यावर निळ्या टिका किती झाल्या, उत्तरे किती आली ते पाहा. दोन-तीन वेळा पाठवूनही जिथे टिक निळी झाली नाही, ते नाव आपणहून काढून टाका.

तिसरे, ज्यांनी खरोखर विचारले होते ते. 'भाऊ, काजू नवीन आले की सांगा' म्हणणारे. ही यादी छोटी असेल, कदाचित साठ-सत्तर नावांची. तुमचा धंदा तीन खोल्यांचा आणि एका भाटाचा, म्हणजे बागेचा, आहे, त्याला ही यादी पुरते. दहा हजार लोकांना आंबे विकायला तेवढे आंबे कुठे आहेत?

ही तिसरी यादी वाढवायची कशी, यासाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटलेला उपाय फुकटचा आहे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये तुमच्या नंबराची छोटी लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, आणि त्यात आधीच लिहून ठेवलेला मजकूर घालता येतो. तीन वेगळे क्यूआर करा. एकात 'मला मानकुरादचे कळवा', दुसऱ्यात 'काजू आणि आगळाचे कळवा', तिसऱ्यात 'खोल्या रिकाम्या असल्या की कळवा'. न्याहारीच्या टेबलावर आणि खोलीच्या दारामागे लावा, आगळाच्या बाटलीवर चिकटवा. पाहुणा स्कॅन करतो, मजकूर तयार असतो, तो फक्त पाठवतो. पहिला मेसेज त्याच्याकडून आला, तारीख-वेळ आपोआप नोंदली गेली, कशाबद्दल हवे तेही त्यानेच लिहिले. उद्या कोणी विचारले 'माझा नंबर कुठून मिळाला', तर चॅट वर सरकवून दाखवता येते. आलेल्या प्रत्येकाला ॲपमधले लेबल लावा: आंबे, काजू, खोली. आणि त्याच वेळी 'आमचा नंबर सेव्ह करून ठेवा' अशी विनंती करा, कारण ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पुष्कळ लोक ही सेव्ह करण्याची अट अडचण समजतात आणि ती चुकवायला बल्क सेंडर आणतात. मला ती चाळणी वाटते. ज्याला तुमचा नंबर ठेवावासा वाटला नाही त्याला तुमची जाहिरात कशाला हवी?

आंब्याच्या यादीला फक्त आंब्याचे पाठवायचे. ऑगस्टमध्ये 'पावसाळी पॅकेज' सोडायचे झाले तर ते खोलीच्या यादीला. हे पाळणे जिवावर येते, कारण आंबेवाली यादी मोठी असते आणि हात शिवशिवतात.

मजकूर कसा असावा हे उदाहरणाने दाखवतो. तुम्ही चवथीला पाठवलेला असा होता: 'प्रिय ग्राहक, चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा! गोव्यातील सर्वोत्तम होमस्टे, अस्सल काजू, आगळ, खास सवलत, मर्यादित कालावधी, आजच संपर्क साधा, हा मेसेज दहा मित्रांना पाठवा.' खाली तीन लिंका आणि गणपतीचा फोटो. यात कोण बोलतो आहे ते नाही, मला का पाठवले ते नाही आणि नको असेल तर काय करायचे तेही नाही. शिवाय चवथीच्या दोन दिवस आधी गोव्यातला माणूस माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या, बाजारात हातात पिशव्या घेऊन उभा असतो, त्याच्या फोनवर शुभेच्छांचा ढीग पडलेला असतो.

आता हा पाहा: 'नमस्कार, पेडण्याच्या होमस्टेमधून लिहितो आहे. गेल्या मे महिन्यात तुम्ही राहून गेलात तेव्हा मानकुराद निघाले की कळवा म्हणाला होता. या आठवड्यापासून उतरायला लागलेत. हवे असतील तर किती डझन ते लिहा, भाव आणि पाठवण्याचे सांगतो. असे मेसेज नको असतील तर नको एवढेच लिहा.' कोण, का, काय आणि बाहेर पडण्याचे दार, चारही गोष्टी आहेत. फोटो घालायचाच तर आपल्याच भाटातला घाला. इंटरनेटवरून उचललेला हापूसचा फोटो मानकुराद म्हणून पाठवणारेही मी पाहिले आहेत, आणि गोव्याच्या माणसाला तो फरक कळतो.

वेळेबद्दल एकच: दुपारी दीड ते चार गोव्यात दुकान बंद आणि माणूस आडवा असतो. त्या वेळेत वाजलेला फोन कोणालाच आवडत नाही. रात्री नवानंतरही नाही. यंत्राला या वेळा शिकवाव्या लागतात, ते आपणहून झोपत नाही.

'नको' म्हणणाऱ्याचे काय होते, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तयार टूलमध्ये 'स्टॉप' हा इंग्रजी शब्द आला तरच नाव यादीतून निघते. आपल्याकडे कोणी 'नको' लिहितो, कोणी कोकणीत 'नाका', कोणी तेच रोमन लिपीत, कोणी 'बस करा', कोणी फक्त दोन हात जोडलेले पाठवतो, आणि एखादा शिवी देतो. हे सगळे 'नको'च आहे. मी या शब्दांची यादीच यंत्राला देतो, आणि जे त्यात बसत नाही ते माणसाच्या नजरेखालून घालतो. 'नको' आले की एकच उत्तर: 'ठीक आहे, यापुढे पाठवणार नाही.' त्यानंतर शांतता. 'जाताना कारण सांगाल का' असा फॉर्म पाठवू नका. नकोवाल्यांची वेगळी यादी ठेवा, ती कधी पुसू नका, आणि प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ताजी यादी तिच्याशी ताडून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी जुनी एक्सेल फाइल उघडते आणि 'नको' म्हटलेले सगळे पुन्हा जिवंत होतात. तक्रार हमखास येते ती अशांचीच.

आता एक असा स्पॅम, ज्यात मालकाचा हेतू चांगला असतो पण यंत्राची बसवणी चुकलेली असते. एकच मेसेज एकाच माणसाला तीनदा जातो. गूगल शीटवर नावे, एक छोटी स्क्रिप्ट, आणि शेवटच्या रकान्यात 'पाठवले' अशी खूण, ही मांडणी आपल्याकडे फार चालते. स्क्रिप्ट मेसेज पाठवते आणि सगळे झाल्यावर खुणा लिहिते. गूगलची स्क्रिप्ट साधारण सहा मिनिटांनी तोडली जाते. शंभर जणांना पाठवून झाले आणि खूण लिहिण्याआधीच ती तुटली, तर पुढच्या फेरीत तेच शंभर जण पुन्हा पहिल्यापासून. घरच्या कॉम्प्युटरवर चालवत असाल तर जुलैतली वीज गूगलपेक्षा जास्त वेळा दगा देते. उपाय साधा आहे: एकेका ओळीवर आधी 'पाठवतोय' अशी खूण, मग मेसेज, मग 'पाठवले'. मध्येच तुटले तर 'पाठवतोय'वर अडकलेली एखादीच ओळ उरते, ती हाताने तपासा. एखाद्याला मेसेज न जाणे परवडते, तीनदा जाणे परवडत नाही.

मेटा ही व्हॉट्सॲप, इन्स्टा आणि फेसबुकची मालक कंपनी. तिच्या अधिकृत एपीआयवर, म्हणजे आपला प्रोग्रॅम थेट व्हॉट्सॲपला जोडण्याच्या सोयीवर, हेच दुसऱ्या रूपात येते. गिऱ्हाइकाने काही लिहिले की मेटाचा सर्व्हर तुमच्या प्रोग्रॅमला निरोप देतो आणि पोच मागतो. पोच वेळेत मिळाली नाही तर तोच निरोप पुन्हा देतो. तुमचा प्रोग्रॅम आधी उत्तर तयार करत बसला आणि पोच उशिरा दिली, तर एका प्रश्नाला दोन-तीन उत्तरे जातात. म्हणून पोच आधी द्यायची, काम मागाहून करायचे. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक असतो, तो नोंदवून ठेवायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्यायचा. जो कोणी बसवून देत असेल त्याला हे एवढेच विचारा. त्याला प्रश्न कळला नाही तर दुसरा माणूस शोधा.

आणि दोन यंत्रे एकमेकांशी बोलायला लागली तर? तुमच्याकडे 'सध्या उपलब्ध नाही, लवकरच संपर्क करू', समोरच्या टॅक्सीवाल्याकडेही तसलेच. रात्रभर दोघे एकमेकांना धन्यवाद देत बसतात. एका माणसाला ठरावीक तासांत एकदाच स्वयंचलित उत्तर, एवढी मर्यादा घातली की हा तमाशा थांबतो.

अधिकृत एपीआय तुम्हाला लागेल का? आत्ता नाही. साठ-सत्तर नावांना बिझनेस ॲप पुष्कळ झाले. पण उद्या शेजारपाजारच्या चार होमस्टेंची मिळून बुकिंगे घ्यायला लागलात तर लागेल, म्हणून त्याचे नियम सांगून ठेवतो, कारण त्यांतून व्हॉट्सॲपला स्पॅम कशाला वाटते ते कळते. गिऱ्हाइकाने लिहिल्यापासून चोवीस तास तुम्ही मोकळेपणाने उत्तर देऊ शकता. ते उलटले की फक्त मंजूर करून घेतलेला साचा, म्हणजे टेम्प्लेट, पाठवता येतो. साच्यांचे प्रकार वेगळे. 'तुमची खोली अमुक तारखेला पक्की झाली' हा सेवेचा साचा. त्याच्या शेपटीला 'पुढच्या वेळी १० टक्के सूट' जोडलेत की तो जाहिरातीचा होतो, दर बदलतो, आणि मेटा स्वतःच त्याचा वर्ग बदलून टाकते. नवीन, पडताळणी न झालेल्या खात्याला चोवीस तासांत २५० वेगवेगळ्या लोकांनाच आपणहून लिहिता येते. लोक ब्लॉक करू लागले की साच्याचा दर्जा घसरतो आणि तो पहिल्यांदा तीन तास, दुसऱ्यांदा सहा तास थांबवला जातो, तिसऱ्यांदा कायमचा बंद. शिवाय एका माणसाला सगळ्या कंपन्यांकडून मिळून किती जाहिराती जाव्यात यावरही मेटाने मर्यादा घातली आहे, आणि ती भारतात २०२४ पासून आहे. १३१०४९ असा एरर क्रमांक आला तर तुमचे काही चुकले असेच नाही, त्या माणसाचा कोटा भरलेला असू शकतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. टूलमध्ये 'फेल झाल्यास आपोआप पुन्हा पाठवा' हे बटण चालू असेल तर आधी ते बंद करा.

इन्स्टाग्रामकडे वळू. तुम्ही बहुधा अनोळखी लोकांना थेट मेसेज टाकत होतात. 'मोरजी', 'आश्वे' अशी पेडण्यातली ठिकाणे पोस्टवर टाकणाऱ्या प्रवाशांना शोधून 'आमच्याकडे या' म्हणणारे टूल असते ते. ते सोडा. रीलखाली कोणी 'किंमत?' विचारले तर त्याला आपोआप खासगी उत्तर पाठवणे मात्र नियमात बसते, पण एका कमेंटमागे एकच मेसेज, आणि तोही कमेंटनंतर सात दिवसांच्या आत. तो उलट बोलला की मग चोवीस तास खुले. त्या एकाच मेसेजात किंमत, ठिकाण आणि फोटो द्या. 'आधी फॉलो करा, मग सांगतो' असली अट घालू नका.

माझे मत विचाराल तर कॅप्शनमध्येच भाव लिहा. भाव लपवायचा, कमेंट मागायची, मग प्रत्येक कमेंटखाली 'डीएम केले आहे' असे ऐंशी वेळा चिकटवायचे, याने रील वर जाते असे शिकवणारे क्लास निघाले आहेत. बघणाऱ्याला ते पान बंद दुकानासारखे दिसते. ज्याला खोली घ्यायची आहे तो भाव दिसला तर फोन करतो.

फेसबुकवर गावच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपांत एकच मजकूर टाकण्याबद्दल: बाहेरच्या टूलने ग्रुपमध्ये पोस्ट करण्याची अधिकृत सोय फेसबुकने २०२४ मध्येच बंद केली. तरीही जो 'पन्नास ग्रुपांत एका क्लिकवर' असे विकतो, तो तुमचा पासवर्ड घेऊन तुमच्या नावाने ब्राउझर चालवतो. बंद पडणार ते तुमचे खाते. एप्रिल २०२५ मध्ये मेटाने जाहीर केले की भरमसाट हॅशटॅग आणि चित्राशी संबंध नसलेली लांबलचक कॅप्शन टाकणाऱ्या खात्यांच्या पोस्ट कमी लोकांना दाखवल्या जातील. पेडण्याच्या होमस्टेखाली बागा, कळंगुट, दूधसागर, नाइटलाइफ असे टॅग लावणे त्यातच येते. स्वतःच्या पानावर पोस्ट आधी तयार करून वेळ लावून ठेवायला मेटा बिझनेस स्वीट फुकट आहे आणि पुरेसे आहे.

मात्र रांगेत लावलेल्या पोस्टवर रोज सकाळी एकदा नजर टाका. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली. तो शनिवार होता. अशा सकाळी आधीच लावून ठेवलेली 'वीकेंड धमाल' आपोआप सुटली तर तिला कोणता नियम अडवत नाही, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. घरातल्या एकाला तरी रांग थांबवता आली पाहिजे, मालक कोल्हापूरला गेलेला असला तरी.

टेलिग्राम विचारलेले नाही, पण एका ओळीत: तिथला बॉट कोणालाही आपणहून पहिला मेसेज पाठवूच शकत नाही, समोरच्याने 'स्टार्ट' दाबावे लागते. सगळीकडे असेच असते तर माझे अर्धे काम कमी झाले असते.

व्हॉट्सॲप गेले म्हणून घरच्या सिमवरून साधे एसएमएस सोडायचा विचार असेल तर तोही नको. जाहिरातीच्या एसएमएसला ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकूर दोन्ही आधी नोंदवावे लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच आल्या तरी कारवाई होते. त्यात फोनची लाइनच जाते, नुसते ॲप नव्हे.

राहिले सिमचे. बंद झालेल्या नंबरावर व्हॉट्सॲप उघडले की फेरविचाराची विनंती करण्याची सोय तिथेच दिसते. ती करा, खरे ते लिहा, आणि त्याआधी बल्क सेंडर आणि त्याचे ब्राउझरमधले एक्स्टेंशन काढून टाका. नंबर परत मिळाला तर निदान महिनाभर कोणालाही आपणहून लिहू नका, फक्त आलेल्यांना उत्तरे द्या. नाही मिळाला तर धंद्यासाठी नवीन सिम घेण्यात काही गैर नाही, पण जुनी यादी त्यावर चढवू नका. तीच यादी नव्या नंबरावरून गेली तर तो आधीच्यापेक्षा लवकर जातो, कारण नव्या खात्याकडे बाजूने बोलणारा जुना इतिहास नसतो. 'वॉर्म-अप करून देतो' म्हणणारे दहा नंबर आपसात 'हाय-हॅलो' खेळवून पैसे घेतात. त्यांच्या नादी लागू नका.

भावाचा नंबर तर मुळीच नाही. त्यावर त्याच्या मुलांच्या शाळेचा ग्रुप आहे, देवस्थानच्या महाजनांचा आहे, त्याच्या नोकरीची माणसे आहेत. तुमच्या आंब्यांपायी तो बंद झाला तर चवथीला एका चुलीवर जेवायचे आहे.

नवीन नंबर चालू झाल्यावर आधीच्या पाहुण्यांना तो कळवायचा कसा, हा शेवटचा पेच. व्हॉट्सॲपवरून नाही. ज्यांचे बुकिंग पुढे आहे त्यांना फोन करा. गूगलवरच्या तुमच्या नोंदीत, इन्स्टाच्या बायोमध्ये आणि दारावरच्या पाटीवर नंबर बदला. ज्यांना तुमची आठवण होईल ते आपणहून लिहितील, आणि आले की लेबल लावायला विसरू नका.